घरात आजारपण, कोपऱ्यात पेटी

घरातले माणूस अचानक गंभीर आजारी पडले की घरात काय काय बंद होते ते सांगावे लागत नाही. लग्नकार्याला जाणे बंद होते, मुलांची सहल रद्द होते, ईदचे कपडे पुढच्या वर्षावर जातात. आणि घरात कुणाला गाण्या-वाजवण्याचा नाद असेल तर सगळ्यांत आधी पेटीवर किंवा तबल्यावर चादर पडते. न सांगता पडते. चुकून कुणी ती काढलीच, तर मोहल्ल्यात वाक्य तयार असते : "बायको अंथरुणावर, आणि याला गाणे सुचतेय!"

या महिन्यात आम्ही या वाक्याबद्दल लिहिणार आहोत. कारण हे वाक्य ऐकून चार महिने पेटीला हात न लावलेले एक घर आम्ही जवळून पाहिले आहे.

ते गृहस्थ शिक्षक. पोट शाळेवर, जीव पेटीवर. उरुसात कव्वालीला साथ करायची, गावातल्या भजनी मंडळाचा पेटीवाला आला नाही की तिथेही जाऊन बसायचे. मिळकत म्हणाल तर चहा आणि नारळ. दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये, सहरीच्या वेळी, त्यांच्या पत्नीच्या हातातून ताट निसटले. तोंड एका बाजूला ओढले गेले, उजवा हात लुळा पडला, शब्द फुटेना. वय अवघे एकेचाळीस. लकवा, म्हणजे अर्धांगवायू.

शेजारच्या एक खाला म्हणाल्या, तेल चोळा. आणखी कुणी म्हणाले, आधी दम करून घ्या, उजाडल्यावर दवाखाना पाहू. बारावीत शिकणाऱ्या मुलीने मात्र कुणाचे न ऐकता १०८ लावला आणि ताट किती वाजता पडले ते वहीच्या मागे लिहून ठेवले. त्या पोरीचे हे शहाणपण प्रत्येक घराने शिकून घ्यावे. चेहरा वाकडा होणे, एक हात खाली पडणे, बोलणे बोबडे होणे, यांपैकी एक खूण दिसली तरी थांबायचे नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून वेळ लिहून ठेवायची. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून घरी आपल्या मनाने गोळी द्यायची नाही. गिळता येते की नाही हे माहीत नसते, म्हणून पाणीसुद्धा पाजायचे नाही. दुआ करायला कुणाची मनाई नाही. ती रुग्णवाहिकेत बसूनही होते.

जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पंधरा दिवसांनी त्या घरी आल्या आणि खरी परीक्षा सुरू झाली.

त्या दिवसांत आमच्या त्या मित्राने हजरत उस्मान (रजि.) यांची आठवण धरून ठेवली होती. हिजरी सन २ मध्ये बद्रची लढाई झाली तेव्हा त्यांच्या पत्नी, पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.), अतिशय आजारी होत्या. पैगंबरांनी (स.) जावयाला पत्नीच्या सेवेसाठी मदीनेतच थांबवले आणि बद्रला गेलेल्यांइतकाच सवाब व वाटा त्यांनाही मिळेल असे सांगितले. हजरत रुकय्या (रजि.) त्याच आजारात अल्लाहला प्यारी झाल्या. इस्लामच्या इतिहासातली पहिली मोठी लढाई, आणि एका पतीला सांगितले जाते की तुझी जागा बायकोच्या उशाशी आहे. बायकोची वेणी घालणाऱ्या, तिला न्हाऊ घालणाऱ्या नवऱ्याला आपल्याकडे अजूनही हसतात. हसणाऱ्यांनी बद्रचा हा प्रसंग पुन्हा वाचावा.

पण उशाशी बसणे म्हणजे स्वतःला मोडून घेणे नव्हे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दिवसा सतत रोजे आणि रात्रभर नमाज असे करू लागले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना आवरले. शरीराचा हक आहे, डोळ्यांचा हक आहे, पत्नीचा हक आहे, याची जाणीव त्यांना करून दिली. जिथे इबादतीलाही हद्द घालून दिली, तिथे तीमारदारीत अन्न, झोप आणि मनाचा विसावा सोडून देण्याला आपण सब्र म्हणावे का?

आमच्या मित्राचे तसेच झाले. शाळा, स्वयंपाक, औषधे, मालिश, रात्रीचे जागरण. तिसऱ्या महिन्यात रक्तदाब वाढला. वर्गात मुलांवर आवाज चढू लागला, घरी मुलीवर. बोलायचे कुणाशी? ज्या माणसाशी वीस वर्षे बोलले, तिचेच शब्द गेले होते. पेटी कोपऱ्यात चादरीखाली होती. ती विकून टाकावी असेही त्यांच्या मनात आले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. वाद्य वाजवणे जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये जुना मतभेद आहे आणि त्याचा निवाडा करणे हे या सदराचे काम नाही. ज्यांना वाद्य मान्य नाही, त्यांनी पुढचे वाचताना पेटीच्या जागी नात, सुलेखन, बागकाम असे जे मन रिझवणारे असेल ते ठेवावे. आमचा मुद्दा बदलत नाही. मात्र आपल्या महाराष्ट्रात मुसलमान घर आणि वाद्य यांचा संबंध कालचा नाही, एवढे ध्यानात असू द्यावे. मिरजेचे उदाहरण घ्या. या गावाचे नाव दवाखान्यांसाठी आहे. तिथले मिशन हॉस्पिटल १८९४ सालचे. आणि तितकेच ते सतार-तंबोऱ्यांसाठी आहे. शिकलगार कारागिरांची घरे दीडशेहून अधिक वर्षे तिथे तंतुवाद्ये घडवत आली आहेत. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथेच राहिले. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला, दफन मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणे होते. आजारी माणसे आणि सूर एकाच गावात नांदू शकतात, मग एका घरात का नाही?

आता त्या भाभींच्या वाचेबद्दल. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते, आणि शरीराच्या उजव्या बाजूचा ताबाही तिकडेच. म्हणून उजवा हात गेला की पुष्कळदा बोलणेही जाते. यात बुद्धी जात नाही. माणूस ओळखतो, समजतो, पण शब्द सापडत नाही. या भाभींना "पाणी" म्हणता येत नव्हते. पण सासूबाई शेजारी बसून सूरह फातिहा म्हणू लागल्या की त्या शेवटपर्यंत बरोबर म्हणत. सासूबाईंचा ग्रह झाला, "दुआ येते, मग बोलत का नाही? मनातच नाही तिच्या." घरात यावरून रडारड झाली. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी तो गैरसमज दूर केला. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेल्या ओळी, एक ते दहा आकडे, नेहमीच्या दुआ या अशा आजारात बऱ्याचदा शाबूत राहतात. स्वतः वाक्य जुळवून बोलणे ही मेंदूची वेगळी कामगिरी आहे. ढोंगाचा यात प्रश्नच नाही.

गाण्याचेही असेच. ज्याला दोन शब्द बोलता येत नाहीत तो कधी कधी ओळखीचे गाणे शब्दांसकट म्हणतो, कारण सुरांच्या कामात मेंदूच्या दोन्ही बाजू भाग घेतात. अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली यावरूनच एक उपचारपद्धती मांडली. रोजचे छोटे वाक्य दोन सुरांत, खाली-वर, सावकाश म्हणायचे, डाव्या हाताने ताल धरायचा, आणि हळूहळू सूर काढून घेत बोलण्याकडे यायचे. सगळ्यांना त्याचा उपयोग होत नाही; ज्यांना समजते चांगले पण उच्चार अडतो, त्यांना अधिक होतो. तज्ज्ञाकडून शिकूनच ते करावे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करते. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही याची चौकशी करावी. फिनलंडमधील संशोधकांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात झटक्यानंतर दोन महिने रोज आपल्या आवडीचे संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारलेली दिसली. "आपल्या आवडीचे" हे शब्द महत्त्वाचे. नवऱ्याच्या आवडीचे नव्हे.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी भाभींनी डाव्या हाताने कोपऱ्याकडे बोट केले. मित्राला वाटले, पेटीची अडचण होतेय. ते ती उचलून बाहेर नेऊ लागले, तेव्हा भाभींनी जोरात मान हलवली आणि गादीवर तळवा आपटला. मग त्यांनी चादर काढली. चमत्कार काही झाला नाही. भाभींनी दहा मिनिटे ऐकले आणि त्या झोपी गेल्या. त्यानंतर रोज मगरिबनंतर वीस मिनिटे असा क्रम ठरला. काही आठवड्यांनी माहेरच्या हळदीतले एक गाणे त्यांच्या तोंडून दोन ओळी आले. आज त्या छोटी वाक्ये बोलतात. उजवी मूठ अजून पूर्ण उघडत नाही.

या घरावरून आम्ही काही गोष्टी सांगू इच्छितो.

पहिला हक रुग्णाचा. झटक्यानंतर मेंदू लवकर थकतो, थोडा आवाजही सहन होत नाही. म्हणून आधी विचारा. बोलता येत नसेल तर अंगठा वर किंवा खाली. "हो"च्या जागी "नाही" तोंडातून निघते, म्हणून दोनदा विचारा. नको असेल तर त्या दिवशी नको.

वेळ ठरलेली आणि थोडी असावी. औषध-पाणी झालेले, कुणीतरी जवळ असलेले.

बाहेरच्या कार्यक्रमांना स्पष्ट नकार कळवा. आमच्या मित्राने मंडळींना सांगितले, "एक वर्ष मला धरू नका, माझ्या जागी दुसरा बसवा." उरुसाच्या रात्री ते घरीच होते. रात्रभर परगावी साथ करणे आणि घरी वीस मिनिटे वाजवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोहल्ल्याच्या वाक्याला हा फरक कळत नाही, आपल्याला कळला पाहिजे.

वाद्य घाईत विकू नका. जुन्या पेटीला येऊन येऊन किती येणार, त्यात दवाखान्याचे बिल भागत नाही. त्याऐवजी रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटा.

आणि स्वतःची परीक्षा घ्या. वाजवून उठल्यावर आपण बिछान्याजवळ अधिक मायेने येतो की यायलाच टाळतो? मायेने येत असू तर ती वीस मिनिटे खिदमतीचाच भाग आहेत. टाळत असू तर पेटी बंद केलेली बरी.

आतापर्यंत आम्ही पुरुषाचे सांगितले. बाईचे काय? ढोलकीवर अख्खे लग्न रंगवणाऱ्या, मिलादमध्ये नात म्हणणाऱ्या किती बहिणी आपल्या घरांत आहेत. त्यांचे गाणे नवऱ्याच्या आजारपणाची वाट पाहत नाही, ते सासरच्या उंबऱ्यावरच थांबते. नवरा आजारी पडला तर तिने स्वतःसाठी वीस मिनिटे मागावीत हे तिच्याही मनात येत नाही. तिच्या अंगाचा, डोळ्यांचा, मनाचा हकही तेवढाच आहे. तो घरच्यांनी न मागता द्यावा.

शेवटी इयादतीबद्दल. आजाऱ्याला भेटायला जाणे ही सुन्नत आपण मनापासून पाळतो. सफरचंदे नेतो, दहा जण एकदम जातो, झटका कसा आला ते पुन्हा पुन्हा विचारतो, आणि तीमारदाराला चहा करायला लावून उठतो. पुढच्या वेळी एकटे जा, एक तास हाताशी ठेवून जा. भाईंना किंवा भाभींना म्हणा, "मी इथे बसतो, तुम्ही जरा पडा, फिरून या, नाहीतर आतल्या खोलीत पेटी वाजवा." आणि आतून सूर आला, तर बाहेर जाऊन कुणाला सांगू नका. सांगायचेच असेल तर एवढे सांगा की त्या घराला आणखी एक तास हवा आहे, उद्या कोण जाणार?