रोबोट आत जायला तोंड तर उघडायला हवं

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचं नाव आता विजयदुर्ग झालं आहे आणि त्याच्या दक्षिणेकडच्या सेंट जॉर्ज दरवाजाला शिवाजी दरवाजा म्हणतात. आत लष्कराच्या पूर्व कमांडचं मुख्यालय आहे. तिथं ड्यूटीवर असलेले आपल्याकडचे जवान आणि तिथून थोडं उत्तरेला, बडाबाजाराच्या बाजूला सोन्याचांदीची गलाई करणारी विटा-खानापूर-आटपाडीकडची कुटुंबं, अशा दोघांसाठी हे लिहितो आहे. किल्ल्यातला शिपाई असो की भट्टीपुढचा कारागीर, खिशात बऱ्याचदा एकच ऐवज सापडतो : तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. मळायला तळहात, दाबायला गाल. आता त्यात गुटखा आणि माव्याची भर पडली आहे.

तोंडाच्या कॅन्सरचं निदान झालं की हल्ली घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘रोबोटनं ऑपरेशन कुठं होतं?’ प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नव्हे. त्याच्या आधी आरशापुढं उभं राहून एक गोष्ट करा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ही तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि स्वतःच्या वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही सहज गेली तर बरं. दोनच जात असतील, जेवताना तोंडाची आग होत असेल, मिसळीचा रस्सा ओठाला लागताच डोळ्यांत पाणी येत असेल, गालाच्या आतलं अस्तर पांढरट आणि दोरीसारखं घट्ट लागत असेल, तर ही सुपारीची करणी आहे. नुसत्या तंबाखूनं एवढं आखडत नाही. गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा, या सगळ्यांत सुपारी असते आणि ती आतली कातडी आवळत नेते. हा अजून कॅन्सर नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा थांबा आहे. शिवाय रोबोटचे हात तोंडातूनच आत जातात. जे तोंड दोन बोटांपुरतं उघडतं, तिथं करोडोंचं यंत्रही दाराबाहेर उभं राहतं. मग सर्जनला जुन्याच वाटेनं, चिरून जावं लागतं.

रोबोट म्हणजे आपल्या डोक्यानं चालणारा यंत्रमानव, असा पुष्कळांचा समज असतो. तसं काही नाही. ऑपरेशन माणूसच करतो. सर्जन बाजूला कन्सोलपुढं बसतो. आतलं चित्र त्याला मोठं आणि खोलीसकट दिसतं. तो बोटं फिरवील तशी रुग्णाच्या तोंडातली बारीक अवजारं फिरतात, हाताचा कंप गाळून. टॉन्सिलची किंवा जिभेच्या मुळाची गाठ काढायला पूर्वी कित्येकदा खालचा ओठ चिरून जबडा मधोमध कापावा लागे आणि नंतर पट्ट्या ठोकून तो जोडावा लागे. योग्य रुग्णात रोबोटमुळे हे टळतं. फायदा खरा आहे आणि मोठाही आहे. अमेरिकेत अशा छोट्या गाठींसाठी या यंत्राला परवानगी मिळाली ती डिसेंबर २००९ मध्ये.

पण ही टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाची गोष्ट झाली. अमेरिकेत घशाच्या या भागाचे बहुतेक कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात, आणि यंत्र त्या आजाराला चपखल बसलं. आपल्याकडचा नेहमीचा रुग्ण वेगळा. त्याची गाठ गालात, हिरडीत, जिभेच्या कडेला, नेमकी जिथं तंबाखूची गोळी दाबली जाते तिथं. ती डोळ्यांना दिसते, बोटाला लागते. तिथं पोचायला यंत्राची गरजच नसते. जबड्याचं हाड खाल्लं गेलं असेल तर ते कापावंच लागतं, आणि खड्डा भरायला हाताची, छातीची किंवा पायाच्या हाडासकट कातडी लावावी लागते. अशा रुग्णाला कुणी ‘रोबोटनं करू, लवकर बरं होईल’ म्हणालं, तर शांतपणे विचारा : या जागेच्या गाठीला रोबोटनं नेमका कोणता फायदा होणार? उत्तर एका वाक्यात मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

घशाच्या रुग्णानंही एक विचारावं : रेडिएशननं भागेल का? २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात ६८ रुग्णांपैकी निम्म्यांना रोबोटनं शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना रेडिएशन दिलं होतं. वर्षभरानं गिळण्याचे गुण रेडिएशनवाल्यांचे किंचित सरस निघाले, पण फरक इतका लहान की रोजच्या जेवणात तो जाणवावा असा नव्हता. म्हणजे दोन्ही वाटा खुल्या आहेत आणि निवडण्याचा हक्क रुग्णाचा आहे. रोबोटच्या ऑपरेशननंतर काही दिवसांनी घशात अचानक रक्त येऊ शकतं, हेही आधी सांगून ठेवायला हवं. घरी आल्यावर असं झालं तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं.

आता रोबोटशिवाय काय घडलं ते ऐका. परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे रुग्ण दोन गटांत वाटले. मानेत गाठ हाताला लागत नव्हती. एका गटात पहिल्याच ऑपरेशनात मानेतल्या गाठी काढल्या, दुसऱ्यात थांबून, वर आल्या तरच. २०१५ मध्ये निकाल छापून आला : तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. साधी मानेवरची चीर, आणि जगभरच्या सर्जननी याची दखल घेतली. म्हणून डॉक्टर मान उघडायची म्हणाले तर ‘गाठ नाही तर कापता कशाला’ असा वाद घालू नका. रोबोट वापरला तरी मानेवर चीर बहुधा येतेच.

जवानांना वेगळं सांगायचं आहे. तोंडात फोड आला तर तो लपवण्याकडे कल असतो, कारण सिक रिपोर्ट केला की कॅटेगरी लागेल, प्रमोशन अडेल, ही धास्ती. धास्ती खोटी नाही. पण दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कारण नसताना हललेला दात, दात काढल्यावर न बुजलेला खड्डा, एकाच कानात येणारी कळ, बसलेला आवाज, मानेत दुखत नसलेली गाठ, यांतलं काहीही असलं तर एमआय रूममध्ये तोंड उघडून दाखवा आणि अलिपूरच्या कमांड हॉस्पिटलला पाठवायला सांगा. निवृत्त झालेल्यांनी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्यावं. घरच्या बायकांनीही स्वतःचं तोंड बघावं. मिश्रीचं कुणी व्यसनात धरत नाही, म्हणूनच ती राहून जाते.

बायॉप्सीला लोक अजून घाबरतात : ‘हत्यार लावलं की पसरतो.’ पसरतो तो वाट पाहिल्यानं. १८३६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी मृतदेहाचं विच्छेदन केलं, तेव्हा फोर्ट विल्यमवरून तोफा डागल्या होत्या असं कोलकात्यात सांगतात. तोफांचं खरंखोटं इतिहासकार ठरवोत. एवढं मात्र खरं की त्या काळी मढ्याला हात लावणं म्हणजे जात जाणं होतं, आणि तरी एका वैद्यानं सुरी उचलली. आपण तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून द्यायला कचरतो!

गलाई बांधवांना एक व्यवहाराचं. कोलकात्यात हाजऱ्याला चित्तरंजन कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, ज्याच्या इस्पितळाचं १९५० मध्ये आयरीन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. न्यू टाऊनला त्याची दुसरी शाखा आहे आणि तिकडंच टाटा मेडिकल सेंटरही आहे. हे आणि परळचं टाटा एकच समजू नका, दोघांच्या संस्था वेगळ्या. गावाकडं परतून उपचार घेणार असाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया येते, पण रोबोटचा वरचा खर्च त्यात बसतो का हे भरती होण्याआधी लेखी विचारा. खाजगी विम्यातही रोबोटसाठी वेगळी मर्यादा असू शकते. गावी निघताना रिपोर्टचे कागद पुरत नाहीत. बायॉप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक हॉस्पिटलमधून मागून घ्या, नाहीतर परळला पुन्हा तुकडा काढायची वेळ येईल. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन सांगितलं असेल तर ते साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं. सणाला, लग्नाला गावी जाऊन यायचा बेत त्यामागं ठेवा.

तासगावच्या आर. आर. आबांना १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं नेलं. शरद पवारांचं ऑपरेशन २००४ मध्ये झालं आणि पुढं वीस वर्षं त्यांनी सभा घेतल्या. दोघांच्या आजाराची तुलना करायची नाही, पण व्यासपीठावरून तंबाखू-सुपारी सोडा म्हणणारे पवार तुम्ही-आम्ही ऐकलेत. सोडणं एकट्यानं जमत नसेल तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनलाइन आहे : १८००-११-२३५६. शोधायला लांब जायला नको, तंबाखूच्या पुडीवरच ती छापलेली असते.