काठीचा घोडा आणि पाटीवरचा ‘क’

‘आता खेळ पुरे, अभ्यासाला बस,’ हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे घर सापडणे कठीणच. खेळ आणि अभ्यास या जणू दोन सवती. एकीला जवळ केले की दुसरी रुसणार, अशी आपली समजूत. मूल खेळले की वाया गेले आणि एका जागी बसले की शहाणे झाले, हा हिशेब आपल्याकडे इतका पक्का आहे की तो कुणी तपासूनही पाहत नाही. मला तो तपासावासा वाटतो. मी बोलते आहे ते तीन ते सहा वर्षांच्या, अजून पहिलीचे तोंडही न पाहिलेल्या पोरांविषयी. माझे म्हणणे एवढेच की, या वयात खेळ हाच अभ्यास असतो. आणि ही गोष्ट आपापल्या घरी सांगण्याची जबाबदारी आपल्यावर, म्हणजे घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेल्या मुलामुलींवर येऊन पडली आहे.

एक साधी गोष्ट पाहा. चार वर्षांचे पोर तुराटी दोन पायांत धरते आणि ‘चल रे घोड्या’ म्हणत अंगणभर धावते. ती काठी आहे हे त्याला पुरते ठाऊक असते. तरीही ती घोडा असते. तिला चारा लागतो, पाणी लागते, ती मध्येच अडून बसते. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली लेनिनग्राडला दिलेल्या एका व्याख्यानात याच काठीच्या घोड्याचा विचार केला आहे. त्याचे म्हणणे असे की, घोडा ही वस्तू आणि ‘घोडा’ हा अर्थ या दोन गोष्टी मूल पहिल्यांदा वेगळ्या करते ती खेळात. वस्तू समोर नाही, पण तिचा अर्थ काठीवर स्वार होऊन आला आहे!

आता पाटीवरचा ‘क’ घ्या. खडूच्या त्या वळणदार रेघेत ‘क’ हा आवाज कुठे असतो? कमळाचा वास कुठे असतो? काही नसते. ती रेघ त्या आवाजाच्या जागी ‘मानायची’ असते. ज्या पोराने काठीला घोडा मानले, चिखलाच्या गोळ्याला भाकरी मानले, त्याला हे मानणे अवघड जात नाही. ज्याला काठीवर बसूच दिले नाही, त्याच्यापुढे ती नुसती रेघ राहते. ते ती गिरवते, पानेच्या पाने भरते, पण वाचत नाही. म्हणून मला वाटते, लिहिण्याची सुरुवात पाटीवर होत नाही, ती अंगणात होते.

आणि अंगणात काय कमी होते? जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या खेड्यांत बाजारातून आणलेले खेळणे क्वचितच दिसे, पण खेळण्यांवाचून कुणाचे अडले नाही. ज्वारीची कापणी झाली की कडब्यातला एखादा धांडा ओढायचा, त्याची साल दाताने सोलायची, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे करायचे आणि सालीच्याच काड्या टोचून बैलगाडी तयार करायची. दोन चाकांचे तुकडे सारखे नसले की गाडी कलते. साल फार वाळलेली असली की मोडते, फार ओली असली की वाकते. हे कुणी सांगत नाही, गाडी सांगते. लांबी, जाडी, तोल, ओले-सुके यांचे एवढे धडे कोणत्या पुस्तकात एका जागी सापडतील? पोळ्याला मातीचे बैल करताना पोटापेक्षा पाय बारीक झाले की बैल बसतो, तोही एक धडाच.

चिंचोक्यांचा पट आठवा. चिंचोके फोडून चार फाका घ्यायच्या. एक बाजू पांढरी, एक काळपट. पांढऱ्या बाजू जितक्या वर तितकी घरे चालायचे. चारही काळ्या पडल्या तर आठ. पाच बाय पाच घरांच्या त्या पटावर ‘मला दोन हवेत, तीन पडले तर उपयोग नाही’ असा विचार करणारे पोर बेरीज-वजाबाकीच करत असते. फक्त तिला बेरीज-वजाबाकी म्हणतात, हे त्याला माहीत नसते. विटीदांडूत तर गंमतच आहे. दांडूने अंतर मोजताना मुले ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजतात. गावागणिक उच्चार थोडे बदलतात इतकेच. तेलुगू भाषेत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात, हे कळले तेव्हा मी थक्क झाले. गुरे चारणारी, शाळेत न गेलेली पोरेसुद्धा धुळीत विटी उडवताना दुसऱ्या भाषेतले आकडे पिढ्यान्‌पिढ्या जतन करीत आली.

मुलींची भुलाबाई घ्या. काही ठिकाणी तिला गुलाबाई म्हणतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरोघर गाणी होतात. शेवटी झाकलेला डबा हलवून खाऊ ओळखायचा. खुळखुळला तर कोरडा, नाही वाजला तर ओला. गोड की तिखट, घरचा की दुकानातला, असे विचारत विचारत उत्तरापर्यंत पोहोचायचे. तर्कशास्त्राच्या तासाला आपण याहून निराळे काय करतो? आणि लपाछपीत ज्याच्यावर राज्य असते ते पोर भिंतीकडे तोंड करून मोजते, तेव्हा त्याचे डोळे कुणी धरून ठेवलेले नसतात. पाहावेसे वाटत असूनही ते पाहत नाही. स्वतःला आवरण्याचे हे शिक्षण छडीने देता येत नाही.

आता आजचे चित्र. गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका गावाची अंगणवाडी पाहिली. कपाटात रंगीत ठोकळे, मणी, प्राण्यांची चित्रे, सगळे होते आणि कपाटाला कुलूप होते. हरवले, मोडले तर नोंदवहीत उत्तर द्यावे लागते! मुले रांगेत बसून एक ते पन्नास म्हणत होती. मी सेविकाताईंना दोष देत नाही. वजने घ्यायची, आहार वाटायचा, नोंदी भरायच्या, आणि पालक येऊन विचारणार, ‘पोरगं लिहितं कधी?’

दुसरे चित्र माझ्याच आजोळचे, शिंदखेडा तालुक्यातले. मामाचा मुलगा साडेतीन वर्षांचा. त्याला तालुक्याच्या गावी एका इंग्रजी नर्सरीत घातला आहे. मामा कपाशीच्या भरवशावर जगणारा माणूस. फी आणि रिक्षाचे भाडे तो कसे भरतो हे त्यालाच ठाऊक. पोराला रोज चार पाने लिहून न्यावी लागतात. बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ नाही, म्हणून मामी त्याचा हात धरून गिरवते. घरी तो अहिराणी बोलतो. नर्सरीत मुका बसतो. खेळायला निघाला की पाठीत धपाटा. आणि रात्री तो रडू लागला की गप्प करायला हातात मोबाईल! मोबाईलवरचा घोडा तयारच येतो. त्याला काठी लागत नाही, चारा लागत नाही, आणि ‘माझी पाळी, तुझी पाळी’ म्हणून भांडायला समोर कुणी नसते.

माझी आजी यावर म्हणते, ‘पोऱ्या खेयस ना, मंग तो साजरा शे.’ खेळतो आहे ना, मग तो ठीक आहे. तिला अक्षर येत नाही. पण मुलाची प्रकृती ओळखण्याची तिची खूण पक्की आहे. तिचे म्हणणे अडाणीपणात जमा होते आणि चार पाने गिरवणे सुधारणेत, याचे मला फार वाईट वाटते.

कारण ज्याला आपण सुधारणा समजतो, तिचा इतिहास उलटेच सांगतो. ‘के. जी.’ ही अक्षरे ज्या किंडरगार्टन शब्दाची, त्याचा अर्थ मुलांची बाग. १८३७ साली जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने सुरू केलेल्या कामातून तो शब्द आला, आणि त्याच्या शाळेचे साहित्य होते लाकडी ठोकळे, चेंडू आणि गाणी. बागेचे नाव ठेवून आपण मात्र बाके मांडली! आपल्या शेजारी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात (आता पालघर जिल्हा) बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेला अंगणवाडी हा शब्द तिथला. परदेशी साहित्य महाग, म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने, फुले हेच साहित्य झाले. त्यांनीच मोजायचे, लावायचे, निवडायचे. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही निघाली.

१९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि तिथे खेळातून शिकण्यावर भर दिला. २०२३ मध्ये खेळणी, बाहुल्या, कोडी असलेला ‘जादुई पिटारा’ही निघाला. म्हणजे कागदावर माझी आजी जिंकली आहे. हरली आहे ती घराघरांत.

‘खेळ ही भरल्या पोटाची चैन, गरिबाच्या पोराने लवकर शिकून कमावायला लागावे,’ असे कुणी म्हणेल. पण मारिया माँटेसरीने १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले ते मजुरांच्या वस्तीत, आणि ताराबाई गेल्या त्या वारली पाड्यावर. बालशिक्षणाचा हा विचार गरिबांच्या मुलांसोबतच वाढला आहे. श्रीमंताच्या मुलाची चार वर्षे चुकली तर शिकवणी लावून ती भरून काढता येतील. आपल्या घरचे पोर एकदा अक्षराला घाबरले की शाळाच सोडते.

याचा अर्थ पोराला नुसते उकिरड्यावर सोडून द्यावे असाही नव्हे. खेळातही दांडगा मुलगा पट बळकावतो आणि मुकाट मूल कडेला उभे राहते. कुणीतरी जाणते माणूस जवळ हवे. त्याने शिकवायचे कमी, पाहायचे जास्त. ‘गाडी का कलली रे?’ एवढा प्रश्न वेळेवर विचारला तरी पुष्कळ झाले.

आणि मुलींचे काय? आमची भातुकली फार लवकर खरी होते. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते, आणि मग ती खेळ पाहते, खेळत नाही. भुलाबाईची कितीतरी गाणी मी भावाला कडेवर घेऊन म्हटली आहेत. कोसबाडला विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणल्या होत्या. धाकटे पाळण्यात राहिले की मोठी बहीण शाळेत बसू शकते, हे त्या बायांना कळले होते. गावच्या अंगणवाडीत लहानग्यांची सोय नीट झाली तर एकाच वेळी दोन मुले शिकतील, असे म्हणूनच मला वाटते.

मित्रमैत्रिणींनो, यात आपण काय करणार? मोठमोठे ठराव नकोत. येत्या शिबिरात एक दिवस धांड्याच्या गाड्या, चिंचोक्यांचे पट, आगपेट्यांचे ठोकळे करून अंगणवाडीला देऊ या. मोडले तर ज्यांचा जाब द्यावा लागत नाही अशी खेळणी! मराठी विभागाने आपापल्या गावची अहिराणी खेळगाणी आणि मोजणीचे शब्द उतरवून घ्यावेत, अशी प्राध्यापकांना विनंती आहे. ती सांगणारी माणसे थकत चालली आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम घरचे. आपण कॉलेजात शिकतो म्हणून आता नातेवाईक आपल्याला विचारू लागले आहेत, ‘पोराला कुठं घालू?’ आपल्या घराण्यात हा प्रश्न विचारण्याजोगे माणूस आजवर नव्हते. आपल्या एका शब्दावर ते कर्ज काढून नर्सरीची फी भरतील, किंवा पोराला अजून दोन वर्षे अंगण मिळेल. तेव्हा उत्तर देण्याआधी आपण विचार करावा. त्या पोराच्या हातून काठी काढून घेऊन पेन्सिल देण्याची घाई निदान आपण तरी करू नये. काठीवरून उतरून पेन्सिलीकडे ते आपल्या पायांनी चालत येईल.