नट आवळणाऱ्याची बाजू

इनामगावातून शिरूरकडे जा नाहीतर दौंडकडे, डिप्लोमा झालेल्या पोराला सल्ला एकच: रांजणगावला मोठ्या कंपनीत चिकट, परमनंट झालास की जन्माची ददात मिटली. याच्या विरुद्ध बोलणारेही आता बरेच भेटतात. ते म्हणतात, मोठ्या कंपनीत माणूस जन्मभर एकच नट आवळतो. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तोच पोरगा वर्षभरात लेथ, मिलिंग, वेल्डिंग शिकतो, गिऱ्हाइकाशी भाव करायलाही शिकतो. मला ही दोन्ही मते मान्य नाहीत.

पहिल्या मताला तळेगावने उत्तर दिलेच आहे. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबवले आणि परमनंट असलेले हजारावर कामगार कोर्टाची पायरी चढले. कंपनी जितकी मोठी, तितका तिचा निर्णय दूरच्या देशात होतो. ज्या नोकरीच्या भरवशावर घराचे कर्ज काढले, ती टिकणार की नाही हे शिरूर तालुक्यात ठरत नाही.

दुसरे मत जास्त वजनाचे आहे, कारण त्यात अर्धे खरे आहे. वर्कशॉपमध्ये हात लवकर बसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे ड्रॉइंग बाहेरून येते. शाफ्टवर दोन शतांश मिलिमीटरचीच सूट का, ती ओलांडली तर बेअरिंगचे काय होईल, हे ड्रॉइंग करणाऱ्याला ठाऊक असते. लेथवरच्या पोराला ते कोणी सांगत नाही. शिवाय उस्तादाचे कसब उस्तादाबरोबरच निघून जाते. मोठ्या कारखान्यात तपासणीची नोंद असते, ठरल्या मुदतीत गेज तपासले जाते, माल नापास झाला तर कारण शोधून कागदावर आणावे लागते. एकच नट आवळणाऱ्यालाही तो किती टॉर्कने आवळायचा आणि का, हे कळले, तर त्याच्या हाती आयुष्यभराची विद्या येते.

ट्रक बनवणाऱ्या टेल्को कंपनीने हे करून दाखवले आहे. सुमंत मुळगावकर कंपनीची धुरा वाहत होते त्या काळात, १९६६ च्या सुमारास, पुण्याचा प्रकल्प सुरू झाला तो यंत्रे आणि डाय बनवण्यापासून, तरुणांना शिकवण्यापासून. तिथून ट्रक बाहेर पडला १९७७ मध्ये. आधी माणसे घडवायला दहा वर्षे देणे एखाद्या शेडच्या मालकाला परवडणारे नाही.

मोठे काम मोठ्या संघटनेशिवाय उभे राहत नाही, याचा पुरावा इनामगावच्याच मातीत आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी येथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे काळातला पाट आणि त्यालगतचा दगडी बांध त्यांना सापडला. घोड नदीच्या पुराचे पाणी वळवणे एकट्या घराच्या आवाक्यातले नव्हते. धान्यकोठार आणि शेजारचे पाच खोल्यांचे घर पाहून ढवळीकरांनी इथे मुखियाची सत्ता असावी असे मांडले. पाट खणणाऱ्यांपैकी किती जणांना पाण्याचा उतार समजत होता, हे माती सांगत नाही. आजच्या कारखान्याला मात्र तो प्रश्न विचारता येतो, आणि तिथेच माझी खरी तक्रार आहे.

ठेकेदारामार्फत लाइनवर उभ्या केलेल्या पोराला मोठ्या कारखान्यातल्या या विद्येतले काहीच मिळत नाही. त्याला गणवेश मिळतो, शिफ्ट मिळते, आणि काही महिन्यांनी ब्रेक. टूलरूम त्याने आतून पाहिलेली नसते. मोठ्या कंपनीचे सगळे तोटे त्याच्या वाट्याला येतात आणि फायदे गेटच्या आत राहतात. त्याची ही स्थिती दाखवून मोठी कंपनीच वाईट ठरवणे चूक आहे, आणि तिचा लौकिक सांगून त्याला गप्प करणे हा अन्याय आहे.

पोराने कंपनीत जावे, पण शिकाऊ उमेदवार म्हणून, नोंदलेला करार हातात घेऊन. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. शिरूर-दौंडच्या आयटीआयने आणि ग्रामपंचायतींनी दर वर्षी प्रत्येक कारखान्याकडे हा आकडा लेखी मागावा, आणि त्यातले किती जण टूलरूममध्ये, मेंटेनन्समध्ये बसले, तेही विचारावे.