मचाण बांधण्याआधी झाड बघा

चैत्र सरत आला की वनपरिक्षेत्र कार्यालयांत मचाणांची यादी निघते. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री कोणत्या पाणवठ्यावर कोण बसणार, जुनी मचाणे किती टिकली, नवी किती लागतील, बल्ल्या आणि बांबू कुठून आणायचे, याची लगबग सुरू होते. झाड ठरवताना मात्र बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो: वरून पाणी नीट दिसते का? आमचे म्हणणे असे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. माणूस वर चढणार कसा, रात्रभर बसणार कसा आणि सकाळी उतरणार कसा, याची समाधानकारक उत्तरे ज्या झाडाजवळ मिळत नाहीत ते झाड सोडून द्यावे. तिथून पाणवठा कितीही सुरेख दिसो.

एवढे ठामपणे म्हणता येते, कारण त्या रात्रीचे स्वरूप बदलले आहे. एकेकाळी पाणवठ्यावरच्या नोंदींना प्रगणनेचे वजन होते. २००६पासून दर चार वर्षांनी होणारा देशव्यापी व्याघ्रगणनेचा अंदाज मात्र कॅमेरा ट्रॅपमध्ये टिपलेल्या पट्ट्यांच्या आधाराने काढला जातो. पौर्णिमेची रात्र आता निसर्गानुभवाची, नवख्यांना जंगल शिकवण्याची रात्र आहे. तशी ती मोलाचीच आहे आणि चालू राहावी असे आम्हाला मनापासून वाटते. पण नोंदवहीत एक अस्वल कमी लागले म्हणून शास्त्राचे काही बिघडत नाही. चढणाऱ्याचा कणा मोडला तर एक घर बसते.

झाडावर बसण्याचा दांडगा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, ती माणसे अमेरिकेतली. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, म्हणजे व्हाइटटेलच्या शिकारीसाठी तिथे दर शरदात लाखो लोक झाडांवर ठाण मांडतात. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीला आळा घातला, तो योग्यच झाला. तरीही झाडावर सुरक्षित बसण्याचा त्यांनी केलेला अभ्यास आपण जरूर घ्यावा. त्यांच्याकडे मचाणांचे प्रकार ठरलेले आहेत. खोडाला आवळलेली शिडी आणि तिच्याच माथ्यावर बैठक, हा एक. पट्ट्याने खोडाला टांगायची लहानशी बैठक, जिच्यापर्यंत पोचायला वेगळ्या पायऱ्या लावाव्या लागतात, हा दुसरा. खोडाला कवटाळत माणसाबरोबर वर सरकणारे दोन भागांचे मचाण आहे. त्याला सरळ, बिनफांदीचे खोड लागते. जोगे झाडच नसेल तिथे तिपाई. शिडीचे मचाण जड असते, उभे करायला जास्तीचे हात लागतात, पण नवख्याला आणि उतारवयातल्या माणसाला ते लोक तेच सुचवतात. म्हणजे आधी बसणारा माणूस बघायचा, मग झाड, आणि दोघांना झेपेल ते मचाण. आपल्या याद्यांत पाणवठ्याचे नाव असते, बसणाऱ्याचे वय आणि वजन कुठेच नसते.

त्यांच्या अपघातांतून निघालेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की माणसे पडतात ती बहुतांशी चढताना, उतरताना आणि शिडीवरून बैठकीवर पाय टाकताना. म्हणून बसल्यावर दोर बांधून उपयोग नाही. पूर्वी तेही कमरेला नुसता पट्टा बांधत. पडलेला माणूस अशा पट्ट्यावर लोंबकळला की पट्टा वर सरकून श्वास कोंडतो, हे कळल्यावर त्यांनी तो टाकून दिला. आता खांदे, छाती आणि मांड्या धरणारा हार्नेस असतो. जमिनीपासून बैठकीच्या वरपर्यंत खोडालगत एक दोर सोडतात आणि त्यावर प्रुसिक गाठ घालतात. ही गाठ हाताने सरकवली की सरकते, भार आला की आवळते. पाय जमिनीवरून उचलण्याआधी माणूस त्या गाठीला जोडलेला असतो, आणि खाली पाय टेकेपर्यंत सुटत नाही. वर बसल्यावर गाठ डोक्याच्या वर ठेवायची, दोर सैल सोडायचा नाही. हार्नेसमध्ये जास्त वेळ लटकले तर मांड्यांतून रक्त फिरायला अडचण होते, म्हणून पाय रोवायला दोराचा एक फासही हाताशी असतो.

यातले काहीही आपल्याला नवे किंवा महाग नाही. सह्याद्रीतल्या कड्यांवर चढणाऱ्या मुलामुलींना प्रुसिक गाठ डोळे मिटून घालता येते. जवळच्या गिर्यारोहण संस्थेला सांगितले तर अर्ध्या दिवसात सगळा कर्मचारीवर्ग शिकून तयार होईल. बांधकामावर वापरतात तो आयएस ३५२१ मानकाचा अंगभर हार्नेस शहरात सहज मिळतो. गिर्यारोहकांचा नुसता कमरेचा हार्नेस मात्र चालवून घेऊ नये, त्यात माणूस उलटा होऊ शकतो. पाठीवर पिशवी घेऊन तर कोणी चढूच नये. आधी माणूस, मग दोरीने पिशवी.

उंचीचा सोस आपल्याकडे फार. व्हाइटटेलचे शिकारी साधारण १५ ते २० फुटांवर बसतात. पाणवठ्यासाठी १२ ते १५ फूट पुरे. बिबट्या झाडावर चढतो, अस्वलही चढते, तेव्हा आणखी दहा फुटांनी संरक्षण वाढत नाही, पडण्याची इजा तेवढी वाढते.

आता झाड. साग सरळ असतो, हाताशी असतो, म्हणून त्याच्यावर पहिली नजर जाते. पण वैशाखात तो उघडाबोडका असतो. वर बसलेला माणूस आभाळावर स्वच्छ उमटतो आणि खाली पाचोळा वाजतो. सालई आणि काटेसावर यांचे लाकूड हलके, फांदी भरवशाची नाही. मोहाची टोळं आणि टेंभुर्णीची फळं या दिवसांत पिकतात, तिथे अस्वलाची ये-जा ठरलेली. नाल्याकाठचा अर्जुन किंवा जांभूळ या वेळी हिरवा असतो, खोड जाड असते, आडही मिळते. झाड कोणतेही असो, त्यावर आणि आसपास आग्या मोहोळ नाही ना, हे दिवसाउजेडी, मान वर करून, सर्व बाजूंनी बघावे. एकाकी आणि भोवतालच्या रानाहून उंच झाड वळवाच्या दिवसांत नकोच. वीज तिथेच शोधत येते. आणि खिळा ठोकू नये. त्याने झाडाला जखम होते, आणि खिळ्यावर टेकलेली पायरी कधी निसटेल ते सांगता येत नाही.

एवढ्यातून उरलेल्या झाडांत मग दिशा बघावी. पाणवठे बहुधा सखल जागी असतात. सूर्य कलला की उतारावरची हवा थंड होऊन नाल्याकडे घरंगळते. चढाच्या बाजूला बसलात तर तुमचा वास रात्रभर पाण्यावर जात राहील आणि सांबर दूरवरूनच ठणकावून परत फिरेल. म्हणून प्रवाहाच्या खालच्या अंगाला बसावे. चंद्राचेही गणित आहे. वैशाखातला पूर्णचंद्र दक्षिणेकडून जातो. मचाण पाण्याच्या दक्षिणेला असेल तर मध्यरात्री तो पाठीशी येतो: जनावर उजेडात, बसणारा सावलीत. मावळतीचे ऊनही डोळ्यांवर येत नाही. वारा आणि चंद्र दोन्ही एका जागी जुळले नाहीत तर वाऱ्याचे ऐकावे.

जुन्या मचाणाबद्दल आम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण ते उभे दिसते आणि तेवढ्यावर पास होते. बांबूखाली बारीक पिवळसर भुकटी पडली असेल तर आत घुण लागला आहे. पेराजवळ कोयत्याच्या मुठीने ठोकावे; खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज आला की ती बल्ली काढून टाकावी. वळणाशी गंजलेली तार बोटाने दाबली तरी तुटते. नायलॉनची दोरी उन्हाने पांढरट पडून तिचे केस सुटले असतील तर गाठ कितीही घट्ट दिसो, ती बदलावी. झाड वर्षभरात वाढते आणि त्याला आवळलेला दोर सालीत रुततो किंवा ताणला जाऊन तुटायच्या बेतात येतो. लोखंडी मचाणाचे पाय जमिनीला टेकतात तिथे वेल्डिंगजवळ गंज खरवडून बघावा. शिडी खाली आणि वर, दोन्हीकडे बांधलेली हवी, आणि बैठकीच्या वर तीन फूट तरी गेलेली हवी. त्या तीन फुटांना धरूनच माणूस आत पाऊल टाकतो.

लघवीची सोय हाही निवडीचाच भाग आहे. संकोचापोटी तो कोणी बोलत नाही, आणि मग काळोखात कोणी तरी खाली उतरते. आज बीटवर महिला वनरक्षक मोठ्या संख्येने आहेत, स्वयंसेवकांतही मुली असतात. झाकणाचे भांडे आणि आडोशाचा एक कापडी पडदा बांधकामाच्या यादीतच लिहावा.

पाहुणा एक रात्र बसतो. वनमजूर ते मचाण बांधतो, वर्षभर त्यावर चढतो, कॅमेऱ्याची नजर पोचत नाही तिथे जाऊन बसतो, आणि त्याच्याकडे कमरेला गुंडाळलेल्या गमछ्याखेरीज काही नसते. स्वयंसेवकांना हार्नेस द्या आणि बांधणारा उघड्या हाताने चढू द्या, अशी तडजोड कोणत्याही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने मान्य करू नये. बांबूच्या मागणीपत्रात हार्नेस आणि दोर त्याच कागदावर मागावेत, आणि पहिला हार्नेस बांधणाऱ्याच्या अंगावर चढावा. पौर्णिमेच्या आठ दिवस आधी प्रत्येक मचाणावर, जो बसणार आहे त्यानेच, दिवसा एकदा चढून-उतरून बघावे. त्याने नको म्हटले तर ते मचाण त्या वर्षापुरते यादीतून काढावे, कारण विचारू नये. प्रुसिक गाठ घालण्याची चित्रे या अंकाच्या मलपृष्ठावर दिली आहेत. ती कापून कुटीच्या भिंतीवर लावावीत.