आजीला संवाद का ऐकू येत नाहीत?

परवा वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "बाई, आमचा नवा टीव्ही आधीच्यापेक्षा केवढातरी मोठा आहे. तरी आजी सारखी विचारते, 'काय म्हणाला रे तो?' बाबा म्हणतात, होम थिएटर आणू या. मग येईल का हो तिला ऐकू?"

प्रश्न फार चांगला आहे. उत्तर 'येईल' असंही आहे आणि 'येणार नाही' असंही! कसं ते पाहू या.

पूर्वीचा टीव्ही कसा होता, ते आईबाबांना विचारा. मागे पोट सुटलेलं भलंमोठं खोकंच ते! त्यात स्पीकरला ऐसपैस जागा असे आणि पुष्कळदा त्याचं तोंड आपल्याकडे असे. आताचा टीव्ही पाटीसारखा चपटा. स्पीकर बिचारे खालच्या कडेला नाहीतर पाठीमागे दडवलेले. वर्गात कुणी फळ्याकडे तोंड करून धडा वाचला तर मागच्या बाकावर काय ऐकू येईल? तसंच हे.

शिवाय वय वाढलं की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येऊ लागतात. स, श, त, फ ही अक्षरं आपण याच उंच आवाजांवरून ओळखतो. म्हणून कुणीतरी बोलतंय हे आजीला कळतं, पण तो 'सात' म्हणाला की 'हात' हे कळत नाही. आवाज वाढवला तर मागचं ढॅणढॅण संगीतही तितकंच वाढतं. आजी वैतागते आणि उठून आत जाते.

तेव्हा दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी करा. एक, टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' असं काही आहे का ते पाहा. त्याला पैसे पडत नाहीत. दोन, आजीचे कान डॉक्टरांकडून तपासून घ्या. मळ साचला असेल तर जगातलं कुठलंही होम थिएटर तो काढू शकणार नाही!

आता यंत्राकडे वळू. खोक्यावर ५.१ असं लिहिलेलं असतं. हा दशांश अपूर्णांक नव्हे बरं का! ५ म्हणजे पाच स्पीकर : समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय मागच्या बाजूला दोन. आणि १ म्हणजे घुमणारा खर्ज देणारा सबवूफर. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणजे आजीचा खरा मित्र तो मधला.

आवाज वेगवेगळ्या बाजूंनी आणायचा खटाटोप कशासाठी? त्याची एक गंमतदार हकिगत आहे. ॲलन ब्लुमलाइन नावाचे इंग्रज इंजिनिअर होणाऱ्या पत्नीबरोबर सिनेमाला गेले होते, असं सांगतात. पडद्यावरचा माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेला, पण आवाज एकाच जागेवरून येत राहिला. ते त्यांना खटकलं. १९३१च्या डिसेंबरमध्ये त्यांनी दोन मार्गांनी आवाज देण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. आज आपण त्याला स्टीरिओ म्हणतो. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि उजव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळाने. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो! डोळे मिटून बसा आणि बहिणीला चमचा वाजवत खोलीभर फिरायला सांगा, म्हणजे पटेल.

मांडणीसाठी तुमच्या कंपासपेटीतला कोनमापक काढा. जिथे बसता तिथे खडूने खूण करा. टीव्हीचा मध्य म्हणजे ० अंश. त्याच्या डावीकडे ३० अंशांवर एक स्पीकर, उजवीकडे ३० अंशांवर दुसरा. दोन्ही सारख्याच अंतरावर ठेवले की तुमचा आणि त्यांचा समभुज त्रिकोण होतो. मागचे दोन साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. आता तुम्ही म्हणाल, आमचा सोफा तर मागच्या भिंतीला टेकलेला आहे! मग मागचे स्पीकर घेऊच नका. १० बाय १२च्या खोलीत समोरचे तीन आणि एक सबवूफर, म्हणजे ३.१ पुरे. त्यासाठी सरळ साउंडबारही चालतो. मात्र त्यात मधला स्पीकर स्वतंत्र आहे ना, हे दुकानदाराला विचारा. साउंडबारची केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या खाचेतच लावायची.

खोक्यावर 'पीएमपीओ' असा हजारो वॅटचा आकडा दिसला तर भुलू नका. तो फुगवलेला आकडा. तो मोजायची एक ठरलेली पद्धतच नाही. 'आरएमएस' किती ते पाहायचं.

टीव्हीचे इंच म्हणजे त्याची रुंदी नव्हे, कर्ण! बसायचं अंतर कर्णाच्या साधारण १.६ पट. ४३ इंची टीव्हीचा कर्ण १०९ सेंटिमीटर, तेव्हा अंतर झालं सुमारे १७५ सेंटिमीटर. आणि तो देवघरासारखा उंच टांगू नका. पडद्याचा मध्य बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावा.

एवढं करूनही आवाज घुमला तर दोष खोलीचा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवतात. एक टाळी वाजवून ऐका. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी घाला, खिडकीला जाड पडदा लावा, भिंतीशी पुस्तकांचं कपाट ठेवा. काही लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्यांचा उपयोग फारसा नाही आणि पेट मात्र चटकन घेतात.

स्पीकरच्या तारा बाबांना जोडू द्या, तेही बटण बंद करून. लाल तार लाल टोकाला, काळी काळ्याला. एकाच स्पीकरची उलटी लागली तर खर्ज चक्क गायब होतो! एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, मग उरणार काय?

सबवूफरचा खर्ज भिंतीतून शेजारी जातो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजारची ताई दहावीला असेल तर १० वाजायचीही वाट पाहू नका. सामाईक भिंतीपासून सबवूफर दूरच बरा.

पण नेमका कुठे? इथे तुमचं काम आहे. मोठ्यांना सांगून सबवूफर सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. खर्जाचं एखादं गाणं लावा. आता तुम्ही रांगायला लागा! भिंतींच्या कडेकडेने, कान जमिनीजवळ ठेवून. कोपऱ्यात आवाज धबधब्यासारखा घुमेल, कुठे अगदीच पातळ होईल. जिथे खर्ज नुसता घुमत नाही, एकेक ठोका सुटा ऐकू येतो, तिथे खडूने फुली मारा. सबवूफर तिथे ठेवायचा. खोलीचा नकाशा काढून ती फुली दाखवा आणि कार्डावर आमच्याकडे पाठवा.