डोळे दुखत नाहीत, तरीही…

दृष्टी मंदावली की मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर, असे घरात सर्वांनाच वाटते. आणि बहुधा ते खरेही असते. क्वचित मात्र डोळ्यांची तक्रार ही शरीरात अन्यत्र दडलेल्या कर्करोगाची पहिली खूण ठरते. या विकारास कर्करोगसंबद्ध रेटिनोपॅथी म्हणतात. वैद्यकीय साहित्यात त्याचे वर्णन १९७६ साली प्रथम आले.

यात कर्करोग डोळ्यांत पसरलेला नसतो. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींत ‘रिकव्हरिन’ नावाचे प्रथिन असते. काही कर्करोगांच्या, विशेषतः फुफ्फुसाच्या लघुपेशी कर्करोगाच्या, पेशी हेच प्रथिन निर्माण करू लागतात. प्रतिकारशक्ती त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. परंतु ती प्रतिपिंडे दृष्टिपटलातील निरोगी पेशींवरही तुटून पडतात. स्तन, गर्भाशय व अंडाशय यांच्या कर्करोगांतही हा विकार आढळला आहे.

रुग्णाला डोळ्यांपुढे प्रकाशाचे लखलखाट दिसतात, उजेड सोसत नाही, रंग फिके वाटतात, अंधारात चाचपडावे लागते. वेदना नसते. बहुधा दोन्ही डोळ्यांची दृष्टी काही आठवड्यांत वा महिन्यांत खालावते. खरी अडचण अशी की, आरंभी तपासणीत दृष्टिपटल निर्दोष दिसू शकते. मग ‘डोळे तर चांगले आहेत’ असे म्हणून घरचेही रुग्णाच्या सांगण्याकडे दुर्लक्ष करतात. अशा वेळी इलेक्ट्रोरेटिनोग्राम ही चाचणी उपयोगी पडते. दृष्टिपटलाचा प्रकाशाला मिळणारा विद्युत प्रतिसाद तीत मोजला जातो आणि या विकारात तो क्षीण झालेला आढळतो. पुढे रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी व छातीचा सीटी स्कॅन यांची जोड दिली जाते. केवळ प्रतिपिंडे सापडली म्हणजे कर्करोग आहेच, असे मात्र नव्हे.

मूळ कर्करोगावर उपचार आणि सोबत स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे, असा उपचारांचा मार्ग असतो. नष्ट झालेल्या प्रकाशग्राही पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत; म्हणून उरलेली दृष्टी राखणे, हेच मुख्य उद्दिष्ट राहते.

लखलखाट दिसला म्हणून कर्करोगाच्या भयाने खचण्याचे कारण नाही. अर्धशिशीत किंवा वयपरत्वे डोळ्यातील द्रव आकसल्यानेही तो दिसतो. मात्र एकाएकी लखलखाट दिसू लागल्यास दृष्टिपटल फाटल्याची शक्यता असते, म्हणून तपासणी त्वरित व्हावी. आणि दृष्टी झपाट्याने घटत असता, विशेषतः धूम्रपानाचा इतिहास असल्यास, नेत्रतज्ज्ञास तो सविस्तर सांगावा. त्या एका माहितीने डोळ्यांपासून सुरू झालेला शोध वेळीच फुफ्फुसापर्यंत पोहोचू शकतो.