माशीने धरलेला मासा

मंडळी, गणपती झाले, शाळा सुरू झाल्या, दसऱ्याच्या पॉटलकला अजून अवकाश आहे. वॉशिंग्टनच्या वरच्या अंगाला पोटोमॅक नदीवर जायला हेच दिवस बरे. उन्हाळ्यात कोमटलेलं पाणी निवू लागतं आणि थंडीआधी पोट भरून घ्यायला मासे खादाड होतात.

आम्ही आमटी-भातावर वाढलेली कोकणी माणसं. मासा पातेल्यात दिसला की समाधान. इथे मात्र लोक पहाटेपासून मांडीभर पाण्यात उभे राहून स्मॉलमाउथ बास धरतात आणि बहुधा सोडून देतात! गळाला गांडूळही नाही. पिसं नि केस गुंडाळून केलेली खोटी माशी, म्हणजे फ्लाय. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहॅना नदीवर बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात याच माशासाठी एक फ्लाय बांधली. तिचे जड डोळे अशा जागी बसवले, की गळाचं टोक वर राहतं आणि तळच्या दगडांत अडकत नाही.

गंमत म्हणजे हा बास मूळचा पोटोमॅकचा नव्हेच. १८५४ साली ओहायो नदीच्या खोऱ्यातले थोडे मासे रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाला पाणी पुरवणाऱ्या टाकीतून कंबरलँडला आणून कालव्यात सोडले. आता त्यांना परकं कोण म्हणणार!

मस्की हे दुसरंच प्रकरण. चार फुटांपर्यंत वाढते, दात असे की दोरीच्या टोकाला तार लावावी लागते. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मिळते, असं म्हणतात. पुष्कळदा नावेपर्यंत मागे येते आणि तोंड न उघडता वळते. म्हणून शेवटी काठीचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं.

"सोडायचा तर धरायचा कशाला?" हा आमच्या आईचा प्रश्न, आणि तो सोपा नाही. महाडजवळ वाळण कोंडीतले मासे देवीचे, त्यांना कोणी गळ लावत नाही. तो नियम आम्हाला जास्त स्वच्छ वाटतो. तोंडाला भोक पडतंच. पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या आसपास असेल, तर सोडलेली मस्की पोहत जाऊनही पुढे मरू शकते. म्हणून जाणती माणसं आधी थर्मामीटर बुडवतात, मासा जाळ्यात पाण्यातच ठेवतात, आणि शेपटीशी धरून तो स्वतः हिसडा देईपर्यंत थांबतात. आमची लेक हे सगळं करते. नदीतला कुठला दगड कधी उघडा पडतो तेही तिला ठाऊक. आमच्या गावच्या नदीबद्दल आम्हाला एवढं सांगता येणार नाही. आई अजून तिच्याशी वाद घालते. दोघींपैकी कुणाची बाजू घ्यावी, आमचं ठरलेलं नाही.

जाणार असाल तर मेरीलँडमध्ये सोळा वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं, आणि नमद्याच्या तळाचे बूट २०११पासून चालत नाहीत. काठाच्या झाडीत सप्टेंबरात पॉपॉ पिकतो, सीताफळाचाच भाऊबंद. बिया टाकायच्या, गर खायचा. आई तेवढ्यासाठी येते.